पाखऱ्याचा भोवरा आणि चांगुणाचं आभाळ

चांगुणाला वाचा फुटली ती त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला. तोवर नववीच्या वर्गात ती अशी बसायची, की हजेरी घेताना पाठक सरांना मान उंच करून तिला शोधावं लागायचं. पण झेंडावंदनाचं भाषण करणारी मुलगी ऐन वेळी गोवरानं पडली, सरांची नजर बाकांवरून फिरत फिरत चांगुणावर येऊन थांबली, आणि पुढं काय झालं ते तिलाही नीट कळलं नाही. ती उभी राहिली, बोलायला लागली, आणि थांबायचं कसं हे कुणी शिकवलेलंच नसल्यामुळे बोलत राहिली. लाडू वाटणारे हातात ताटं घेऊन ताटकळले. शेवटी टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून घोडेगावात तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"आधी वाटायचं, पोरगी मुकी हाय का काय," तिची आई छबूबाई शेजारणीला सांगायची. "आता वाटतं, तेच बरं हुतं."

पण असं फुटलेलं तोंड रिकामं कसं राहणार, त्याला विषय लागतो. तो दिवाळीच्या सुट्टीआधी मिळाला. पाठक सर वर्गात वर्तमानपत्र घेऊन आले आणि भूगोल बाजूला ठेवून सांगायला लागले. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एक हिशेब मांडलाय. आपल्या डोक्यावर उंच ओझोन नावाच्या वायूचा थर आहे. डोळ्याला दिसत नाही, पण उन्हातले जे किरण कातडीला रोग लावतात, पिकं करपवतात, ते हा थर वरच्या वर अडवून धरतो. आणि तिकडं परदेशात लोक सेंट म्हणू नका, केसांचं औषध म्हणू नका, पत्र्याच्या डब्यात भरून ठेवतात. बटण दाबलं की फुस्स करून फवारा. फवारा बाहेर ढकलायला डब्यात जो वायू कोंडलेला असतो तो मोठा चिवट. पाण्यात विरघळत नाही, जळत नाही, कुणात मिसळत नाही, म्हणून संपतही नाही. वर्षानुवर्षं सावकाश वर चढत राहतो. वरच्या कडक उन्हात फुटला की त्यातून क्लोरीन सुटतो, आणि तो क्लोरीन ओझोन खातो. पोट भरलं म्हणून थांबतही नाही.

"सर, किती उंच आहे तो थर?" चांगुणानं विचारलं.

"आपल्या गावापासून नगर जेवढं लांब, साधारण तेवढंच वर. थोडं अलीकडंच धर."

चांगुणा हबकली. आभाळाचा कारभार कुठं तरी लांब, देवांच्या मुलखात चालतो असं ती धरून चालली होती. आणि सगळ्या जगाची राखण करणारी ही चीज एसटीनं निघालं तर चहाला पोचावं इतक्या जवळ. मग तिला कुणी हात लावला तर ते आपल्या बांधावर चढण्यासारखंच की.

सरांनी बजावलं, की हा अजून कागदावरचा हिशेब आहे, वर जाऊन कुणी थर विरलेला बघितलेला नाही, आणि डबे बनवणारे तर म्हणतात की हे सगळं खोटं. पण तोवर चांगुणाच्या डोक्यात भाषण जुळायला लागलं होतं, त्यात हे शिरायला जागा नव्हती. सुट्टी लागायच्या दिवशी तिनं सगळ्या शाळेसमोर शपथ घेतली, की ह्या गावात मी एकही फवारा उडू देणार नाही.

शपथ बाणेदार होती. अडचण एवढीच, की गावात फवाराच नव्हता.

चांगुणानं शोधायला काही कमी केलं नाही. छगन न्हाव्याच्या दुकानात जाऊन त्याची पाण्याची बाटली उचलून वास घेतला. "आडाचं पानी हाय," छगन म्हणाला. "पायजे तर पी." वाण्याकडं डासांचं औषध मारायचा पंप होता, पण सर म्हणाले की तो दांड्यानं ढकलायचा, त्यात हवाच असते, तो निर्दोष आहे. कपाशीवर मारायचा पाठीवरचा पंपही निर्दोष निघाला. लढायला कंबर कसून निघावं आणि शत्रूच गावाला गेलेला असावा, तशी तिची गत झाली. वर्गातली पोरं रस्त्यात भेटली की वर बघून म्हणायची, "चांगुणे, नगरच्या अंगाला आभाळ जरा विटल्यागत दिसतंय, बघ की."

आणि मग भाऊबीजेला शत्रू स्वतःच्या पायांनी घरी आला.

केशरआत्या ही चांगुणाच्या वडिलांची, कानिफनाथाची, धाकटी बहीण. मुंबईला दिलेली. तिचे यजमान बोटीवर स्वयंपाकी होते आणि येताना कुठल्या कुठल्या बंदरातनं काय काय घेऊन यायचे. आत्याच्या डोक्यावर केसांचा असा फुगा होता, की एसटीतून उतरताना ती गुडघ्यात वाकली. सगळ्या बाया बघत राहिल्या. फाट्यापासून घरापर्यंत बैलगाडीत आली, वाऱ्यानं कानिफनाथाचं मुंडासं सुटलं, छबूबाईचा पदर उडाला, पण आत्याचा एक केस जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाला जाग आली ती फुस्स अशा आवाजानं. तिला वाटलं, नाग. उठून बघते तर न्हाणीघरात आत्या आरशासमोर, डोळे गच्च मिटलेले, आणि हातात सोनेरी टोपणाचा उंच डबा. घरभर असा वास, की शेणानं सारवलेली जमीन आपलीच आहे का, असं वाटावं.

"आत्या, हे काय करता?"

"केस बसवते. बघ, कसे बसलेत. देवळात जाऊन आले तरी असेच राहतील."

चांगुणानं तिथंच, न्हाणीघराच्या दारात, भाषण सुरू केलं. आत्यानं वेणीतला आकडा दातात धरून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तो वायू वर जातो?"

"वर जातो."

"मग बरंच की. खाली राहिला तर मला खोकला येतो."

चांगुणानं तिला दुसरा उपाय सुचवला. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून लावला तर केस दगडासारखे बसतात. आत्यानं आकडा तोंडातून काढला. मुंबईला गेल्यापासून ती शहरी बोलायची, पण राग आला की तिचं गाव बाहेर पडायचं. "डिंक? डोक्याला? मी काय पाकीट हाय व्हय गं?"

हरलेल्या चांगुणानं मग स्वतःच्या मनाशी तडजोड केली. आत्या पाहुणी. पाहुण्याची मोजदाद गावात होत नाही. तेव्हा हा फवारा मुंबईच्या नावावर. शिवाय डबा अर्धा झाला होता, आणि उरलेला परतीच्या प्रवासाला पुरवायचा म्हणून आत्यानं तो दुसऱ्या दिवशी आपणहून पेटीत ठेवून दिला. शपथेला तडा गेला होता, पण ती अजून उभी होती.

ती खरी डुगडुगली पाखऱ्यामुळं.

पाखऱ्या म्हणजे कानिफनाथाचा बैल. पांढराशुभ्र, चौसा म्हणजे चार दातांचा तरणाबांड, आणि उंच. इतका उंच, की त्याचा जोडीदार गेल्या उन्हाळ्यात वारला तेव्हा त्याच्या बरोबरीचा दुसरा कुठं मिळेना. एकट्या बैलाला ना गाडी ना औत. कानिफनाथ शेजारपाजारच्या जोड्या मागून कसंबसं निभावत होता. शेवटी त्यानं ठरवलं, की पाखऱ्या विकायचा आणि आयती जोडी घ्यायची. पण पाखऱ्याच्या पाठीवर, वशिंडाच्या मागं डाव्या अंगाला, केसांचा एक भोवरा होता. गिऱ्हाईक यायचं, दात बघायचं, खूर बघायचं, शेपटी पिळून बघायचं, खूश व्हायचं, मग पाठीवरून हात फिरवायचं आणि हात भाजल्यासारखा मागं घ्यायचं. तिथला भोवरा म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाला जड, अशी समजूत. घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारातून पाखऱ्या परत परत घरी आला होता. आता तर दलाल लांबूनच म्हणायचे, "आला बघा, कानिफनाथाचा जावई."

तर भाऊबीजेनंतर कानिफनाथ गोठ्यासमोर बसून एकदा बहिणीच्या डोक्याकडं बघायचा, एकदा पाखऱ्याच्या पाठीकडं. चांगुणाला ते दिसत होतं, पण दोन्हींचा मेळ तिच्या ध्यानात आला नाही. आला तेव्हा उशीर झाला होता.

"केशर," कानिफनाथ म्हणाला, "तुझा त्यो डबा बैलावर चालंल का?"

आत्यानं विचार केला. "केस ते केस, दादा."

चांगुणा विहिरीवरून कळशी घेऊन आली, तर वडील गोठ्यात डबा डोळ्यांसमोर धरून उभे. "आबा, थांबा," एवढं ती म्हणते तोवर त्यांनी बटण दाबलं. पण भोक कोणत्या दिशेला आहे हे त्यांनी पाहिलं नव्हतं. फवारा पाखऱ्यावर न जाता सरळ त्यांच्या मिशांवर. कानिफनाथाला एवढ्या शिंका आल्या की पाखऱ्यानं दावं ताणून मान फिरवून बघितलं. शिंका थांबल्या तेव्हा मिशा दोन्ही बाजूंना अशा ताठ उभ्या होत्या, जशा काही लिंबाच्या काड्या खोचल्यात. छबूबाईनं तोंडाला पदर लावला तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

मग आत्यानं डबा हातात घेतला, पाखऱ्याला चुचकारलं, भोवऱ्यावर पाणी लावून कंगव्यानं केस मागं ओढले आणि एकदाच दाबलं. भोवरा गायब. पाठ सपाट, जशी काचेची.

कानिफनाथ बघतच राहिला. "आता उद्याच्या शुक्रवारी," तो म्हणाला, "बघू कोन परत पाठवतंय."

"आबा, हे करू नका," चांगुणा म्हणाली. "मी शाळेत शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

तिनं सांगितला. थर, वायू, क्लोरीन, सगळं. कानिफनाथ ताठ मिशांनी ऐकत होता, त्यामुळे तो रागावलाय की हसतोय हे कळायला मार्ग नव्हता.

"ह्यो तुझा थर कुनी बघितला?"

"कुणीच नाही. दिसत नाही तो."

"मग?"

"मग भोवऱ्यातली पीडा तरी कुणी बघितली? ती खरी धरून लोक एवढा चांगला बैल परत पाठवतात, ते चालतं?"

 कानिफनाथानं चिलीम काढली, पण मिशांच्या भीतीनं पेटवली नाही. "हे बघ चांगुणे, बहात्तरच्या दुष्काळात आभाळाकडं बघून बघून आमच्या माना आखडल्या. आभाळानं आमाला काय दिलं, की आमी त्याची राखन करायची? तवा कुठं गेल्ता तुझा थर?"

"होता वर. म्हणून तर नुसती मान आखडली आबा, भाजली नाही."

 पाखऱ्या रवंथ करत होता. आत्या म्हणाली, "दादा, ही वकील होणार बघ."

"हुईल तवा हुईल. आदी बैल इकला पायजे." पण कानिफनाथाचा आवाज खाली आला होता. लेकीनं चारचौघांत शब्द दिलाय, ही गोष्ट त्याला थरापेक्षा जास्त समजत होती. बैलबाजारातही सगळं शब्दावरच चालायचं. पाखऱ्याची पाठ खाजवून तो म्हणाला, "बरं. तुझा त्यो डिंक लावून बघू. चिकटला तर चिकटला. न्हाई चिकटला, तर आत्याचा डबा. डबा बाजारात संगं घ्यायचा. कबूल?"

चांगुणाला कबूल म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गोठ्यात उडालेले दोन फवारेही, डबा आत्याचा म्हणून, तिनं मुंबईच्या नावावर टाकले. डिंक टिकला तर पाखऱ्याही जाईल आणि शब्दही राहील. नाही टिकला तर दोन्हींतलं एकच काही तरी. भोवरा लपवणं बरं की वाईट, हा प्रश्नही तिच्या मनाच्या कोपऱ्यात उभा होता, पण त्याला तिनं आत्ता बाहेरच थांब म्हणून सांगितलं.

शुक्रवारी सकाळी तिनं स्वतः, वडिलांच्या दाढीच्या ब्रशानं, डिंकाचं पाणी भोवऱ्यावर फासलं. अंगठ्यानं केस दाबून बसवले. वाळल्यावर पाठ अशी चकचकीत झाली, की आत्यालाही वाकून बघावं लागलं. "लाव बाई मलापण," ती म्हणाली, "पण कुणाला सांगू नको."

बाजार भरून वाहत होता. हमरस्त्यापासून पार ओढ्यापर्यंत दावणी, शिंगांना हिंगूळ फासलेली जनावरं, धुरळा, चहाच्या टपऱ्या, दलालांची आरडाओरड. चांगुणा वडिलांच्या मागून भाकरीचं गाठोडं घेऊन चालली होती. गाठोड्यात भाकरी, ठेचा, आणि भाकरीच्या मधोमध सोनेरी टोपणाचा डबा. पोरीबाळी बैलबाजारात येत नाहीत, पण कानिफनाथ म्हणाला होता, की डिंक तुझा हाय, तवा तू ये. आत्या धुरळ्याला घाबरून टपरीच्या सावलीत बसली.

पहिल्या प्रहरात सगळं सुरळीत होतं. दोन गिऱ्हाइकं येऊन पाखऱ्याला निरखून गेली, पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "फिरून येतो." कानिफनाथानं लेकीकडं बघून डोळा मिचकावला. चांगुणाच्या मनात पुढचं भाषण तयार व्हायला लागलं होतं. विषय, डिंकाचे उपयोग.

पण ऊन चढलं. डिंक कडक झाला. आणि डिंकाच्या वासानं की कशानं, पाखऱ्याच्या पाठीवर माशी बसली.

माशी बसली की बैल काय करतो ते गुरं राखणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे, फक्त चांगुणाच्या हिशेबातून ते सुटलं होतं. पाखऱ्यानं पाठीची कातडी थरथरवली. डिंकाला तडा गेला. पुन्हा थरथरवली, खपल्या उडाल्या. आणि भोवऱ्याचे केस, कालपासून दाबून ठेवल्याचा सूड घ्यावा तसे, डिंकानं एकमेकांना चिकटून सरळ वर उभे राहिले. पाठीवर मोराचा तुरा. आधी हात फिरवल्याशिवाय भोवरा कळत नव्हता, आता तो पलीकडच्या दावणीवरून दिसत होता.

"आरं कानिफनाथा," कोणी तरी ओरडलं, "जावयाला बाशिंग बांधलंस व्हय?"

कानिफनाथ लालबुंद झाला. नेमकी त्याच वेळी समोरून एक बाई सरळ पाखऱ्याकडं चालत येत होती. नऊवारी गुडघ्याशी घेतलेली, हातात काठी, पायात पुरुषी वहाणा. दोन दलाल तिच्यामागं होते, पण तिची चाल त्यांना झेपत नव्हती. "शिंगणापूरची गोजरबाई," कानिफनाथ पुटपुटला. "नवरा गेल्यापास्नं सोता शेती करती. हिला उंच बैल पायजे हाय, समदा बाजार पालथा घातलाय तिनं." मग दातांवर दात दाबून, "चांगुणे. डबा."

चांगुणानं गाठोडं छातीशी धरलं.

"डबा दे. मी म्होरं हून तिला चार शब्दांत गुतवतो, तू मागनं पानी लावून दाब. कबूल केलं हुतंस."

खरंच कबूल केलं होतं तिनं. कबुली इथं, शपथ तिथं, आणि मध्ये पाखऱ्या, डोळे अर्धे मिटून उभा, पाठीवर तुरा घेऊन. चांगुणानं गाठ सोडली. भाकरी बाजूला सारली. टोपणाला हात लागला. ते उन्हानं तापलं होतं. आणि तिला एकदम वाटलं, की आपण आत्ता जे लपवायला निघालोय ते आपल्याला पटतच नाही. आपण गावभर सांगत फिरतो की न दिसणाऱ्याची राखण करा, आणि इथं जे ढळढळीत दिसतंय तेच झाकतोय. गोजरबाई पोचली तेव्हा डबा गाठोड्यातच होता आणि चांगुणा उभी राहिली होती.

"ह्ये काय?" गोजरबाईनं काठीनं तुऱ्याकडं दाखवलं.

"कायतरी लागलं असंल," कानिफनाथ म्हणाला. "काटा, कुसळ..."

"डिंक आहे तो," चांगुणा म्हणाली.

कानिफनाथानं डोळे मिटले.

एकदा सुरू झाल्यावर थांबायचं कसं, हे तिला अजूनही कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. तिथं भोवरा आहे, त्याला लोक घरच्या पुरुषाला जड म्हणतात, म्हणून आम्ही तो डिंकानं बसवला, तो माशीनं उठवला. डब्यानं बसवला असता तर दिवसभर बसला असता, पण त्यातला वायू वर जाऊन थर खातो आणि मी शाळेत शब्द दिलाय. बैल चौसा आहे, चारही पायांनी खणखणीत आहे, मारत नाही, पाण्याला भीत नाही, उसाच्या गाडीला एकदाही बसलेला नाही. भोवरा आहे तो आहे. जोडीदार वारला तो तापानं वारला, आणि आमचे आबा हे बघा, घरातले कर्ते पुरुष, भोवऱ्याशेजारी दोन वर्षं धडधाकट उभे आहेत. मिशांना काय झालंय ते वेगळं, ते डब्यानं झालंय.

भोवती माणसं जमली होती. कुणी हसत नव्हतं, कारण गोजरबाई हसत नव्हती. तिनं काठी दलालाकडं दिली, पाखऱ्याच्या पाठीवर तळहात ठेवला आणि तुरा बोटांत चुरडला. डिंकाचा चुरा खाली पडला. भोवऱ्यावर बोट ठेवून तिनं ते गोल फिरवलं.

"घरच्या पुरुषाला जड?"

"तसं म्हणतात," चांगुणा म्हणाली.

"माझ्या घरात पुरुष न्हाई. मालक कवाच गेलं, ते भोवऱ्याबिगरच गेलं. दोन लेकी हायेत." मग ती कानिफनाथाकडं वळली. "आमच्या गावात घराला दार न्हाई, कडी न्हाई. शनीच्या सावलीत ऱ्हाते मी. तुझ्या ह्या येवढ्याशा भोवऱ्याला भिऊ व्हय? माझा घरचा बी असाच उंच हाय, दोन वरसं जोड हुडकतीया. हात दे."

आता पंचाईत झाली. बैलबाजारात किंमत तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालतात, बोटं दाबतात, आणि भोवतालच्या माणसांना पत्ता लागत नाही. पण बाईमाणसाच्या हातात हात कसा द्यायचा? कानिफनाथानं हात पुढं केला, मागं घेतला, उपरण्याला पुसला. गोजरबाईचे दलाल पुढं सरसावले, तर तिनं त्यांना डोळ्यांनीच थोपवलं. "तुमच्या बोटांत निम्मं गळतं," ती म्हणाली. आणि चांगुणाकडं बघून, "ए पोरी, तू खरं बोलतीस. हिकडं ये."

अशा रीतीनं घोडेगावच्या बाजारात त्या शुक्रवारी सौदा झाला तो असा, की एका बाजूला गोजरबाईचा पदर, त्याखाली चांगुणाचा डावा हात. दुसऱ्या बाजूला कानिफनाथाचं उपरणं, त्याखाली उजवा. गोजरबाईची बोटं कुळवाच्या फासासारखी टणक. ती दाबायची तसं चांगुणा वडिलांची बोटं दाबायची. कानिफनाथ मान हलवून दुसरी बोटं धरायचा, ती खूण गोजरबाईकडं जायची. चांगुणा आयुष्यात एवढा वेळ गप्प कधी बसली नव्हती, आणि एवढं बोललीही नव्हती. हळूहळू दोन्हीकडची बोटं जवळ यायला लागली. शेवटी एका बोटाचा फरक राहिला आणि तिथं गाडं अडलं. गोजरबाई देईना, कानिफनाथ सोडेना. ऊन टळायला लागलं. पाखऱ्यानं चांगुणाच्या मानेवर एक लांब उसासा टाकला.

चांगुणानं वडिलांचं ते बोट अलगद मिटवलं आणि पदराखालून हात बाहेर काढला. "झालं," ती म्हणाली.

"मी कुठं व्हय म्हनलं?" कानिफनाथानं विचारलं.

"बोट मिटलं की तुमचं."

"मिटलं, का मिटवलं?"

"आबा, माशी बसली तरी पाखऱ्या कातडी हलवतो. तुम्हाला मान्य नसतं तर तुम्ही बोट हलवलं असतं."

आता गोजरबाई हसली. दात पानानं लाल झालेले. भोवतालची माणसं सुटल्यासारखी हसायला लागली, आणि शेवटी कानिफनाथाच्या मिशाही, जेवढ्या हलू शकत होत्या तेवढ्या, हलल्या. त्यानं कासरा गोजरबाईच्या हातात दिला. देताना पाखऱ्याच्या कपाळावर हात ठेवला तो जरा जास्तच वेळ ठेवला. "पानी आदी दाखवा, मग वैरन," तो म्हणाला. "उलटं केलं तर रुसतो."

"लेकीपरमानं बघीन," गोजरबाई म्हणाली, आणि पाखऱ्या धुरळ्यातून, आपली उंच मान हलवत, शिंगणापूरच्या रस्त्याला लागला. चांगुणाला वाटलं होतं की आपल्याला खूप आनंद होईल. झालाही, पण पाखऱ्या दिसेनासा होईपर्यंत ती रस्त्याकडं बघत राहिली, आणि मग तिनं ठेचा-भाकरीचा मोठा घास घेतला.

टपरीत आत्या वाट बघत होती. बाजाराच्या धुरळ्यानं तिचा केसांचा फुगा एका अंगाला कलला होता, गवताच्या काड्या अडकल्या होत्या, आणि संध्याकाळच्या एसटीनं तिला परत जायचं होतं. कानिफनाथानं सगळी हकीकत सांगितली, जरा वाढवून. आत्यानं ऐकलं आणि हात पुढं केला.

"छान झालं. दे आता डबा."

डबा आत्याचा होता. चांगुणानं तो गाठोड्यातून काढला, पदराच्या टोकानं पीठ पुसलं आणि तिच्या हातात दिला. भाषण मात्र केलं नाही. आत्यानं टोपण काढलं. डबा हलवला. डोळे मिटले. मग एक डोळा उघडून भाचीकडं पाहिलं, आणि दोन्ही उघडून वर, नगरच्या बाजूला, जिथं आभाळ निळंभोर आणि अगदी धडधाकट दिसत होतं.

"इथं नको," ती टोपण लावत म्हणाली. "लई माणसं बघतायत. मुंबईला गेल्यावर बघू."

आणि तिनं पदर डोक्यावरून घेतला, कलंडलेल्या फुग्यासकट.